डिस्क वाकली नव्हती: पुढच्या ब्रेकच्या थरथरीचं एक प्रकरण

तक्रार

मुलुंडला राहणारे एक निवृत्त बँक कर्मचारी. गाडी सात वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ६१ हजार किलोमीटर झालेली, पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी तबकडी, ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी पॅड धरतात), मागे ड्रम. ताशी सत्तर-ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरायचं. वेग चाळीसच्या खाली आला की बंद. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये त्यामुळे फारसं कळत नव्हतं, कारण इथे सत्तर कोण आणि कुठे चालवणार! पण पुण्याहून येताना घाटात डिस्क तापल्यावर थरथर एवढी वाढली की काकूंनी सांगून टाकलं, ही गाडी नीट होईपर्यंत आपण ट्रेननेच जायचं.

या तक्रारीला मागचा इतिहास होता. वर्षभरापूर्वी हीच थरथर सुरू झाली तेव्हा दुसऱ्या एका गॅरेजने आधी व्हील बॅलन्सिंग केलं, मग पॅड बदलले, आणि शेवटी दोन्ही डिस्क काढून लेथवर फिरवून, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट कापून आणल्या. त्यानंतर गाडी छान झाली. चारेक महिने, साधारण साडेतीन हजार किलोमीटर, काही त्रास नाही. मग हळूहळू पुन्हा तेच. आता सल्ला मिळाला होता की डिस्क वाकल्या आहेत, दोन्ही नव्या टाका.

काका आमच्या भांडुपच्या गॅरेजमध्ये आले ते हे ठरवूनच. "अरे, डिस्क मी कुर्ल्याहून आणून देतो, तू फक्त मजुरी सांग." मी म्हटलं, "काका, आणू की. पण आधी माप घेऊ द्या. नव्या डिस्कसुद्धा चार महिन्यांनी अशाच झाल्या तर तुम्ही मलाच शोधत याल."

हे मी गमतीत म्हटलं नव्हतं. लेथवर फिरवलेली डिस्क आधी बरी होते आणि काही हजार किलोमीटरने बिघडते, यातच बराचसा पुरावा होता. डिस्क खरोखर वाकलेली असती तर लेथवरून आलेली गाडी पहिल्या दिवसापासून तरी थरथरली असती, नाहीतर कायमची सुधारली असती. मधेच परत येणारी थरथर सांगते की काहीतरी त्या डिस्कला रोज थोडं थोडं खातं आहे.

ट्रायल

पहाटे ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर, मुलुंडहून विक्रोळीच्या दिशेने, मागे कोणी नाही हे बघून. ब्रेक न लावता ऐंशीला गाडी शांत. म्हणजे व्हील बॅलन्सिंगचा संशय गेला. बॅलन्सिंग बिघडलं असेल तर ब्रेकला पाय लागायची वाट बघत नाही. ब्रेक दाबल्यावर थरथर स्टिअरिंगमध्ये, सीटमध्ये नाही. ती सीटखाली जाणवली असती तर आधी मागचे ड्रम उघडले असते. पॅडलही पायाखाली हलकं ठोके देत होतं. गाडी कोणत्याही एका बाजूला ओढत नव्हती.

विशिष्ट वेगातच थरथर का, हा काकांचा प्रश्न रास्त होता. या गाडीचं चाक एका फेरीत साधारण १.९ मीटर जातं. ऐंशीच्या वेगात ते सेकंदाला बाराच्या आसपास फेऱ्या मारतं. डिस्कचा एक भाग जाड आणि एक पातळ असेल तर प्रत्येक फेरीला एक ठोका, म्हणजे सेकंदाला बारा ठोके. पुढचं सस्पेन्शन आणि स्टिअरिंगचे रॉड स्वतः ज्या गतीने सहज डोलतात ती गती साधारण इथेच कुठेतरी असते. ठोका तोच, पण या वेगात सगळा सांगाडा त्याला साथ देतो. चाळीसच्या खाली ठोके असतातच, हाताला लागत नाहीत इतकंच.

चाक काढल्यावर

गाडी सपाट जागेवर, मागच्या चाकांना उट्या, हँडब्रेक, जॅक आणि जॅकच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालणारी मुलं रस्त्याकडेला रोज दिसतात. आमच्याकडे स्टँड नसेल तर पाना हातात मिळत नाही.

नजरेला पहिली गोष्ट दिसली ती उजव्या चाकाच्या पॅडची. आतला पॅड ३ मिमी उरलेला, बाहेरचा ६ मिमी. एकाच चाकातल्या दोन पॅडमध्ये दुपटीचा फरक. पॅड धरणाऱ्या या कॅलिपरला पिस्टन एकच, आतल्या बाजूला. तो आतला पॅड दाबतो, आणि मग सगळा कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. पिना अडकल्या की कॅलिपर सरकत नाही. मग आतला पॅड एकटा काम करतो आणि ब्रेक सोडल्यावर मोकळाही होत नाही.

कॅलिपर सोडवला. तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू न देता स्प्रिंगला तारेने बांधला. पिना काढायला गेलो तर खालची पिन हाताने निघेना. तिचं रबरी बूट फाटलेलं, आत गंज आणि पाणी. काका मागच्या पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढून आले होते, ते पाणी अजून आत मुक्कामाला असावं. वरच्या पिनेवर एक छोटं रबरी बुश असतं, ते फुगलेलं. आत पिवळं साधं ग्रीस, बेअरिंगमध्ये भरतात तेच. ब्रेकमधलं रबर खनिज तेलाच्या ग्रीसमध्ये फुगतं. इथे सिलिकॉनचं, ब्रेकच्या रबराला चालणारं ग्रीस लागतं, तेही बोटावर थोडंसं. मागच्या वेळी पॅड बदलताना कोणीतरी मनापासून भरपूर ग्रीस भरलं होतं आणि नेमका त्यामुळेच कॅलिपर अडकला.

आता जाडी. डिस्कची जाडी व्हर्निअरने मोजणं हा सगळीकडे चालणारा घोटाळा. डिस्कच्या बाहेरच्या कडेला पॅड पोचत नाही, तिथे न झिजलेली उंच कड आणि वर गंज राहतो. व्हर्निअरचे जबडे त्या कडेवर बसतात आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतात. टोकदार मायक्रोमीटर हवा. तो नसेल तर दोन सारखी नाणी घ्यायची, डिस्कच्या दोन्ही बाजूंना कडेच्या आत धरायची, त्यांच्यासकट माप घ्यायचं आणि नाण्यांची जाडी वजा करायची. पातळ की जाड एवढं कळायला हे पुरे. थरथरीचं कारण शोधायला पुरत नाही, कारण तिथे प्रश्न मिलिमीटरच्या शतांशांचा असतो.

या डिस्कची नवी जाडी २२ मिमी. किमान जाडी २० मिमी, आणि ती डिस्कवरच कोरलेली असते. गंज पुसला की सापडते. कडेपासून सेंटिमीटरभर आत, गोलावर आठ ठिकाणी माप घेतलं. डावी डिस्क २०.६२ च्या आसपास, आठही मापांमध्ये ०.०१ पेक्षा कमी फरक. उजवी एका जागी २०.४१, तिच्या जवळजवळ समोरच्या जागी २०.४४. फरक ०.०३ मिमी. ऐकायला काहीच नाही, पण ०.०१५-०.०२ च्या पुढे गेलं की हाताला थरथर जाणवू लागते.

थरथर म्हणजे काय ते सापडलं. ती का आली ते अजून सापडलं नव्हतं, आणि बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबवून डिस्कची ऑर्डर दिली जाते.

चाकाचे नट वॉशर टाकून परत कसले, म्हणजे डिस्क हबवर (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो फिरणारा भाग) चाक असताना बसते तशी घट्ट बसेल. डायल गेजचा चुंबकी पाया सस्पेन्शनला चिकटवला, सुई डिस्कच्या कडेच्या थोडी आत टेकवली आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. फिरताना डिस्क आत-बाहेर किती डोलते ते सुई सांगते. मेकॅनिक याला आउट म्हणतात. डावीकडे ०.०५. उजवीकडे ०.१४. अशा गाड्यांत ०.०५ च्या आसपास ठीक मानतात, नेमकी मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

उजवी डिस्क काढायला घेतली. ती हबला गंजाने घट्ट चिकटलेली. डिस्कच्या टोपीत दोन आटे पाडलेली भोकं असतात ती यासाठीच. त्यांत बोल्ट घालून थोडा थोडा आळीपाळीने आवळला की डिस्क स्वतःच सुटून येते. हातोडा मारून काढली तर फटके बेअरिंगला बसतात. आणि डिस्कमागचा हब पाहिला तेव्हा सगळं उघड झालं. हबच्या तोंडावर, विशेषतः चाकाचे नट ज्यावर बसतात त्या स्टडच्या मुळाशी, गंजाचे पापुद्रे. एका बाजूला ते दबून चकचकीत झालेले. डिस्क या पापुद्र्यांवर बसवली होती, हबवर नाही.

हिशेब सोपा आहे. हबचं तोंड साधारण १३० मिमी व्यासाचं, आणि आपण माप घेतो तो गोल २३० मिमीचा. हबच्या कडेखाली एका बाजूला ०.०५ मिमीचा पापुद्रा असेल तर तो बाहेरच्या गोलावर जवळजवळ ०.०९ होऊन दिसतो.

खात्री करायला हब घासून साफ केला आणि तीच जुनी डिस्क परत चढवून माप घेतलं. ०.१४ चं ०.०६ झालं. उरलेलं ०.०६ बहुतेक लेथवरचं असावं: लेथवर डिस्क पकडताना तिची बसण्याची आतली बाजू साफ केली नसेल तर कापलेला पृष्ठभाग त्या बाजूला समांतर येत नाही. नुसत्या हबवर सुई लावली तेव्हा आउट ०.०१ आला, म्हणजे हब आणि बेअरिंग निर्दोष. हे माप घेतलं नसतं तर बेअरिंगवरही खर्च झाला असता.

मग चार महिने गाडी चांगली का होती?

मला हे प्रकरण लिहावंसं वाटलं ते या प्रश्नासाठी.

लेथवरून आलेली डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची होती. हबवर ती तिरकी बसली, पण तिरकी आणि सारख्या जाडीची डिस्क लगेच थरथर देत नाही. ब्रेक दाबल्यावर दोन्ही पॅड तिच्याबरोबर आत-बाहेर सरकतात, दोन पॅडमधलं अंतर तेवढंच राहतं, तेलाचा दाब बदलत नाही. गाडी बरी वाटते.

नुकसान होतं ते ब्रेक दाबलेला नसताना. ब्रेक सोडल्यावर पॅड डिस्कपासून अगदी थोडे मागे सरतात. डिस्क तिरकी असेल तर तिचा एक उंच भाग प्रत्येक फेरीला पॅडला चाटून जातो. हायवेवर सेकंदाला दहा-बारा वेळा, तासन्‌तास. त्या जागी डिस्क किंचित झिजते, तिथे पातळ होते. त्यात इथे पिना अडकलेल्या, म्हणजे पॅड धड मागे सरकतही नव्हता. तीन-साडेतीन हजार किलोमीटरमध्ये जाडीतला फरक ०.०३ वर पोचला, आणि मग मात्र ब्रेक दाबला की पिस्टन पुढे-मागे होऊ लागला, पॅडल ठोके देऊ लागलं, स्टिअरिंग थरथरलं.

म्हणून 'डिस्क वाकली' हे निदान मला पटत नाही. मुंबईच्या रस्त्यावर, साध्या गाडीत, बिडाची डिस्क उष्णतेने वाकायचे प्रसंग फार थोडे. पाण्यातून गेल्यावर गरम डिस्क वाकते असंही सगळे सांगतात. ज्या गाड्या मी त्या कारणाने उघडल्या त्यांत बहुतेक वेळा हबवर गंज होता किंवा पिन अडकलेली होती. पाण्याचा दोष आहेच, पण तो पिनेत शिरून आणि हब गंजवून काम करतो.

डिस्क बदलायची की नाही

डावी डिस्क मापात होती. उजवी २०.४१, म्हणजे कागदावर पास. पुन्हा लेथवर फिरवली तर दोन्ही बाजूंनी मिळून पाव मिलिमीटर तरी जाणार, आणि उरलेली डिस्क नवे पॅड संपायच्या आत २० च्या खाली. डिस्क आज पास आहे का, एवढंच विचारून भागत नाही; बसवतोय ते पॅड संपेपर्यंत ती पास राहील का हे विचारावं लागतं. पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते, आणि ब्रेकचं अर्ध्याहून पुष्कळ जास्त काम पुढच्याच चाकांवर असतं.

डाव्या डिस्कबद्दल काकांनी घासाघीस केली, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण एका बाजूला नवी आणि दुसऱ्या बाजूला फिरवलेली अर्धी झिजलेली डिस्क असली की दोन चाकं सारखी धरत नाहीत. एका ॲक्सलच्या दोन्ही डिस्क जोडीनेच. मग डिस्क कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणल्या. तिथे पाकीट न बघता डिस्क बघायची: किमान जाडी कोरलेली आहे का, मधलं भोक हबवर ढिलं बसत नाही ना, आतल्या हवेच्या फटी एकसारख्या आहेत का. त्याच व्यासाची पण वेगळ्या मॉडेलची डिस्क 'चालेल साहेब' म्हणून गळ्यात मारायचा प्रकार तिथे होतो.

काम

सगळ्यात जास्त वेळ हब साफ करण्यात गेला, आणि तो जायलाच हवा. तारेचा ब्रश, मग पॉलिश पेपर, आणि प्रत्येक स्टडच्या मुळाभोवतीचं गंजाचं कडं वेगळं काढायचं. ते ब्रशला सापडत नाही. शेवटी हबवर स्टीलची पट्टी उभी धरून पलीकडून प्रकाश दिसतो का बघायचं. साफ झालेल्या तोंडावर ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट थापायची नाही. तोही एक थरच, आणि आपण तर थर काढायला बसलो आहोत.

नव्या डिस्कवर गंज धरू नये म्हणून तेलाचा हात मारलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने पुसला. रॉकेलने पुसलं तर मागे तेलाचा पातळ थर राहतो आणि पहिल्याच दिवशी नवे पॅड खराब. डिस्क चढवून पुन्हा डायल गेज: उजवीकडे ०.०४. तीच डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवली तर ०.०२. हबचा आणि डिस्कचा बारीक तिरकेपणा कधी एकमेकांत मिळतो, कधी एकमेकांना मारतो, म्हणून एकदोन जागा बदलून बघणं फायद्याचं. डावीकडे पहिल्याच खेपेला ०.०३ आला.

पिना, बुश आणि बूट नवे. ब्रॅकेटमध्ये पॅडचे कान ज्या पत्री क्लिपांवर सरकतात त्यांच्या खालीही गंज फुगून पॅड आवळतो, तो खरवडला. सगळी धूळ ओल्या फडक्याने आणि क्लीनरने. ब्रेकच्या धुळीवर हवेचा पाइप मारणं आमच्याकडे बंद आहे. ती धूळ छातीत जाते.

पिस्टन मागे ढकलताना ब्लीडिंग निपल सैल करून जुनं तेल नळीने बाटलीत काढलं. तेल काळ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, मुंबईच्या हवेत त्याला कधी कमी पडत नाही. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलला कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसचा उत्कलनबिंदू लागतो, ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १५५ वर येते. घाटात तेल उकळून पॅडल खोल जाणं इथूनच सुरू होतं. सगळं तेल बदललं.

नंतर गाडी हलवण्याआधी पॅडल कडक होईपर्यंत दाबलं. हे विसरलं तर पहिल्या ब्रेकला पॅडल तळाला जातं आणि पुढे भिंत असते.

चाकाचे नट समोरासमोर, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर. काकांना एक विनंती केली: पंक्चर काढल्यावर पंक्चरवाला पान्यावर उभा राहून नट आवळत असेल तर त्याला थांबवा. एक नट जीव खाऊन आणि दुसरा सैल असला तर साफ हबवरची सरळ डिस्कसुद्धा ओढली जाते.

पॅड आणि डिस्कची ओळख व्हायला रविवारी सकाळी, बीकेसीतले रस्ते रिकामे असताना गाडी पन्नासवरून वीसवर आणली, पूर्ण न थांबता, मधे थोडं अंतर देऊन, पुन्हा पुन्हा. गरम ब्रेकवर पाय दाबून उभं राहायचं नाही, नाहीतर पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. मग ब्रेकला हात न लावता रमत घरी.

नंतर

गणपतीला काका-काकू परशुराम घाट ओलांडून चिपळूणला जाऊन आले. परत आल्यावर सर्व्हिसच्या वेळी मापं पुन्हा घेतली. तोवर पाच हजारांहून जास्त किलोमीटर झाले होते. उजवीकडे जाडीतला फरक ०.०१ च्या आत, आउट ०.०३. दोन्ही पॅड सारखे झिजलेले.

मधे ऑगस्टमध्ये काकांचा एकदा घाबरून फोन आला होता. रात्रभर पाऊस, गाडी उघड्यावर, सकाळी निघताना पुढून खरखर आणि डिस्क तांबूस. "अरे, नव्या डिस्कला गंज?" बिडाची डिस्क एका ओल्या रात्रीत तांबूस होते. सोसायटीच्या गेटपर्यंत दोनचार वेळा ब्रेक लावा म्हटलं, सिग्नलला पोचेपर्यंत आवाज गेला.